‘त’ राहिलाय, भाऊसाहेब

सकाळचे सव्वासहा वाजलेत. डिसेंबरचा गारठा आहे आणि प्रवरेकडून येणारं वारं शालीतून थेट हाडापर्यंत जातंय. संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रापुढे रांग लागली आहे. कुणाच्या हातात किटली, कुणाच्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी लटकवलेले कॅन, कुणी नुसतीच झाकणाची बादली घेऊन आलेलं. रोज ही रांग भराभर सरकते. आज मात्र ती जागची हलत नाही, कारण मशीन बंद आहे.

मशीन म्हणजे ती छोटी पेटी. नळीनं घोटभर दूध ओढते आणि मिनिटाभरात फॅट, एसएनएफ, डिग्री सगळं पडद्यावर दाखवते. ती दुरुस्तीला गेली आहे. मग सचिवांनी, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या भाऊसाहेबांनी, माळ्यावरची जुनी सामग्री खाली काढली आहे: लॅक्टोमीटर, तापमापी, काचेच्या नळ्या आणि हातानं फिरवायचं सेंट्रिफ्यूज. मी इथून रोज अर्धा लिटर दूध नेते आणि एरवी लगेच निघते. आज पिशवी बाकावर ठेवून उभी राहिले आहे. मी शाळेत गणित शिकवते. आठवडाभर फळ्यावर जे चाललंय ते इथं माणसांच्या पोटापाण्याशी कसं भिडतं, ते मला पाहायचं आहे.

भिंतीवर तेलरंगात दोन ओळी लिहिलेल्या आहेत. रंग जुना आहे, पण अक्षरं स्वच्छ वाचता येतात.

‘तापमान २७ च्या वर असेल तर दर अंशाला ०.२ मिळवा, खाली असेल तर दर अंशाला ०.२ वजा करा.’

‘एसएनएफ = डिग्री ÷ ४ + फॅट × ०.२५ + ०.४४.’

डिग्री म्हणजे तापमानानुसार सुधारलेला लॅक्टोमीटरचा आकडा. एसएनएफ म्हणजे दुधातलं पाणी आणि स्निग्धांश सोडून उरलेलं सारं: प्रथिनं, दुधातली साखर, खनिजं. ते इथं तोलून पाहता येत नाही, म्हणून हिशोबानं काढायचं. शेवटचा ०.४४ हा आकडा सगळीकडे सारखाच नसतो, काही केंद्रं दुसरा धरतात. पण या भिंतीवर जे लिहिलंय त्यावर या गावचा दहा दिवसांचा पगार निघतो.

भाऊसाहेब उंच नळकांड्यात दूध ओततात. लॅक्टोमीटर हलकेच सोडतात. तो डुलतो, एकदा खाली जातो, वर येतो, स्थिरावतो. डोळा दुधाच्या पातळीला आणून ते ओरडतात, “सत्तावीस!” मग तापमापी बघून, “बत्तीस!” शेजारी बसलेला पोरगा रजिस्टराच्या कडेला टिपतो. दुधाचा नमुना क्रमांकाच्या बाटलीत जातो आणि बाटली फॅटच्या रांगेत.

फॅटचं काम वेगळं आणि जपून करायचं. नळीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. नळी हातात धरवत नाही इतकी तापते, म्हणून भाऊसाहेब ती फडक्यात गुंडाळून हलवतात आणि पोरांना दमात सांगतात, “लांब व्हा रे, हे अ‍ॅसिड आहे.” स्विस रसायनतज्ज्ञ गर्बर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधलेली ही पद्धत आजही खोटी ठरलेली नाही. आठ नळ्या भरल्या की सेंट्रिफ्यूजचं हँडल फिरू लागतं. घरघर थांबल्यावर नळीच्या निमुळत्या भागात सोनेरी थर दिसतो. तो मोजपट्टीवर वाचायचा. तीच फॅट.

रांगेत माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी आहे. सोबत तिचे आजोबा. ती त्यांना नाना म्हणते, म्हणून गावही नानाच म्हणतं. वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला मफलर, हातात काठी. किटली मुलीच्या हातात. किटलीत साडेसात लिटर दूध आहे, गोठा केंद्रापासून हाकेच्या अंतरावर असल्यानं अजून कोमट. मुलीच्या काखेत शाळेची वही आहे, आणि ती वही बघून मला जितका आनंद झालाय तितका एखाद्या पेपरात शंभर गुण पाहूनही होत नाही.

“मॅडम, भिंतीवरचं मी अक्षरात केलंय.”

ती वही उघडते. वरच्या ओळीत लिहिलंय: र म्हणजे लॅक्टोमीटरवर दिसलेला आकडा. त म्हणजे तापमानाचा आकडा. ल म्हणजे सुधारलेली डिग्री. फ म्हणजे फॅटचा आकडा. आणि खाली:

ल = र + ०.२(त − २७)
स = ल/४ + ०.२५फ + ०.४४

‘आकडा’ हा शब्द तिनं प्रत्येक ओळीत न कंटाळता लिहिला आहे. मागच्या सोमवारी मी वर्गात याच एका शब्दासाठी अर्धा तास घालवला. फ म्हणजे फॅट नव्हे. फॅट नळीत आहे, वहीत तिचा आकडा येतो. अक्षर ही वस्तू समजलं की मुलं ‘३क’ म्हणजे तीन केळी म्हणू लागतात, आणि मग क च्या जागी २.५ ठेवायला सांगितलं की त्यांना काहीच सुचत नाही. केळ्याच्या जागी अडीच कसं ठेवणार?

पहिल्या आठ नळ्या खाली उतरतात. भाऊसाहेब फॅट वाचून सांगतात, पोरगा लिहितो, भाऊसाहेब स्वतः हिशोब मांडतात. पहिला नमुना शेजारच्या वस्तीवरचा: र सत्तावीस, त बत्तीस, फ चार. मुलगी बाकावर वही टेकवते आणि आधी नुसते रिकामे कंस काढते. अक्षर पुसून त्याच्या जागी कंस, आत काही नाही. मग आकडे एकेक करून आत घालते.

ल = (२७) + ०.२ × ((३२) − २७) = २७ + १ = २८
स = (२८)/४ + ०.२५ × (४) + ०.४४ = ७ + १ + ०.४४ = ८.४४

“आठ चव्वेचाळीस,” ती म्हणते. रजिस्टरात एकच दशांश स्थळ धरतात, म्हणून नोंद आठ चार. भाऊसाहेबांचंही आठ चार. दोघं एकमेकांकडे बघून हसतात.

सगळं पूर्ण संख्यांत बसलं की हिशोब असा सुतासारखा सरळ जातो. पण गाय काही पूर्ण संख्या पाहून दूध देत नाही.

सातवी नळी नानांची. र सव्वीस पाच, त एकतीस पाच, फ तीन आठ. गावात दशांश असेच बोलतात: तीन पाच, आठ पाच, चार दोन. पूर्णांक आणि दशांश हे शब्द पुस्तकात राहतात. मुलगी पुन्हा रिकामे कंस काढते. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघते आहे. थंडीनं बोटं आखडली आहेत, पेन्सिल सावकाश चालते.

ल = (२६.५) + ०.२ × ((३१.५) − २७)

आधी आतला कंस: ४.५. त्याला ०.२ नं गुणायचं. ती थांबते, वहीच्या कडेला ४५ दुणे ९० लिहिते, दशांश चिन्हानंतरची घरं मोजते, दोन. ०.९०. म्हणजे ०.९. ल = २७.४.

मग दुसरी ओळ. २७.४ भागिले ४, ६.८५. ०.२५ गुणिले ३.८, ०.९५. त्यात ०.४४.

६.८५ + ०.९५ + ०.४४ = ८.२४.

“आठ दोन,” ती म्हणते.

भाऊसाहेब त्याच क्षणी रजिस्टर वाचतात, “सात नंबर, एसएनएफ आठ शून्य.”

ती वहीकडे बघते, मग रजिस्टराकडे. मोठ्या माणसाला चूक सांगायची म्हणजे या वयात धाडसच. नाना काठीवर हनुवटी टेकवून ऐकताहेत. मी काही बोलत नाही. मला बोलायचं नाही, हा तिचा हिशोब आहे.

“भाऊसाहेब, आमचं आठ दोन येतंय.”

“बघू गं.” ते आपला कागद पुढे करतात. कागदावर स्वच्छ लिहिलंय: ६.६२५ + ०.९५ + ०.४४ = ८.०१५. बेरीज बिनचूक आहे. भागाकारही बिनचूक आहे. मुलगी ६.६२५ वर बोट ठेवते, ओठांतल्या ओठांत चारनं गुणते, आणि तिचा चेहरा उजळतो.

“सव्वीस पाचलाच भागलंय. ‘त’ राहिलाय, भाऊसाहेब. तापमान ठेवलंच नाही.”

दूध कोमट असलं की पातळ होतं, लॅक्टोमीटर जास्त बुडतो आणि आकडा कमी दाखवतो. ती तूट भरून काढायला तो ०.२ चा कंस आहे. गर्दीत भाऊसाहेबांनी लॅक्टोमीटरवरचा कच्चा आकडाच डिग्रीच्या रकान्यात उतरवून घेतला. ते कपाळाला हात लावतात आणि लगेच मागची पानं चाळतात. पहिल्या चार नोंदी बरोबर आहेत. पाचवीपासून रांग वाढली, तिथून ‘त’ सुटत गेला. पुढच्या चारही नोंदींवर ते आडवी रेघ मारतात, नवा आकडा लिहितात, बाजूला सही करतात आणि चारही जणांना हाक मारून सांगतात. चूक सगळ्यांदेखत सुधारणारा माणूस मला मोठा वाटतो, आणि हे मी त्यांना तिथंच सांगते.

पैशात याचा अर्थ काय, ते दरपत्रकावर आहे. फॅट तीन पाच, एसएनएफ आठ पाच असेल तर लिटरला ३२ रुपये. फॅट एक पॉइंट, म्हणजे ०.१, वाढली की ३० पैसे वाढ, एसएनएफ एक पॉइंट घटला की ५० पैसे कपात. मुलीनं हेही अक्षरात केलेलं आहे: दर = ३२ + ३(फ − ३.५) − ५(८.५ − स). फ च्या जागी ३.८, स च्या जागी ८.२. ३२ + ०.९ − १.५, म्हणजे ३१ रुपये ४० पैसे. साडेसात लिटरचे २३५ रुपये ५० पैसे. स च्या जागी ८.० ठेवलं असतं तर दर ३० रुपये ४० पैसे आणि रक्कम २२८ रुपये. एका वेळेला साडेसात रुपये. हीच चूक दोन्ही वेळेला, दहा दिवस चालली असती तर दीडशे रुपये. गोठ्यावर खुराकाचं पोतं उघडताना दीडशे रुपये आठवतात.

नाना एवढा वेळ गप्प आहेत. आता काठी सरळ करून ते नातीला विचारतात, “तू दोनदा कशाला करतेस?”

“काय दोनदा?”

“चारनं भागलंस ते पाव. आणि ते पॉइंट पंचवीस म्हणजे काय? पावलीच ना? तेही पाव. मग दोन्ही आधी एकत्र कर आणि एकदाच पावकी कर.”

ती गोंधळून माझ्याकडे बघते. नानांच्या पिढीनं शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकलेत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, तेव्हा ते शाळकरी पोर होते. पावली त्यांनी आधी चार आण्यांची पाहिली, मग पंचवीस पैशांची.

“सत्तावीस चार आणि तीन आठ किती?”

“एकतीस दोन.”

“एकतीसची पावकी पावणेआठ. वरच्या वीस पैशांची पाच पैसे. सात ऐंशी. त्यात चव्वेचाळीस घाल.”

आठ चोवीस.

मी मोठ्यानं “अहो नाना!” एवढंच म्हणते. ल/४ + ०.२५फ या दोन पदांची (ल + फ)/४ अशी एकच राशी होते, हे मी पुढच्या महिन्यात शिकवणार होते. नानांनी अक्षराला हातसुद्धा न लावता ते करून दाखवलं आहे. मुलगी वहीत खाली नवी ओळ लिहिते आणि पहिल्या नमुन्यावर ताडून पाहते: २८ आणि ४, बत्तीस, पाव केले आठ, त्यात ०.४४. आठ चव्वेचाळीस. पुन्हा तेच!

रांग संपत आली आहे. शेवटी दूरच्या वाडीवरून एक बाई येतात. अर्धा तास चालून आल्यात, कॅन बाहेरून बर्फासारखा गार. र अठ्ठावीस पाच, त पंचवीस पाच. फॅट नंतर निघते, चार दोन. मुलगी जायचं विसरून थांबली आहे. तिला बघायचंय की २७ च्या खालच्या तापमानाला तिची ओळ चालते की नाही. भिंतीवर त्यासाठी वेगळा नियम लिहिलेला आहे, ‘खाली असेल तर वजा करा’. तिच्या वहीत वेगळं काहीच नाही.

ल = (२८.५) + ०.२ × ((२५.५) − २७)

आतला कंस उणे दीड देतो. ०.२ नं गुणून उणे ०.३. म्हणजे २८.२. ती वर बघते. “मॅडम, आपोआप वजा झालं!”

भिंतीवरचे दोन नियम तिच्या एका कंसात मावले आहेत. स = ८.५४, नोंद आठ पाच. बाईंना कपात नाही. त्या पदर सावरत विचारतात, “बसलं का माझं?” मुलगी ठामपणे सांगते, “बसलं, मावशी.”

*

अकरा चाळीस. सातवीचा वर्ग. उन्हाची तिरीप फळ्याच्या कोपऱ्यावर आली आहे. सकाळचं सगळं मी मुलांना सांगितलंय आणि फळ्यावर एकच पद लिहिलंय: ०.२५फ. फ = ३.८.

खिडकीजवळचा एक मुलगा उठतो, खडू घेतो आणि अक्षर पुसून त्या जागी आकडा ठेवतो.

०.२५३.८

वर्ग शांत. मग मागून कुणीतरी म्हणतं, “दोन टिंबं कशी?” मुलगा स्वतःच मागे सरकून बघतो. “हे काहीतरी चुकलंय.”

याच क्षणाची मी वाट बघत होते. गेल्या आठवड्यात याच मुलानं ४क मध्ये क = ३ ठेवून ४३ लिहिलं होतं. त्याला काही चुकलंय असं वाटलं नव्हतं, कारण ४३ दिसायला चांगली संख्या आहे. तिच्या तोंडावर चूक लिहिलेली नसते. बारा हवे होते, त्रेचाळीस आले, आणि पान उलटलं गेलं. आज दशांश चिन्हानं त्याला हटकलं. पूर्ण संख्या चूक पोटात घालते, दशांश ती ओठावर आणतो. म्हणून माझं ठाम मत झालंय की अक्षराच्या जागी संख्या ठेवायला शिकवताना दशांश शेवटच्या दोन उदाहरणांत ढकलू नये. तो पहिल्या दिवसापासून हवा.

मुलगा पुसतो. आता आधी कंस काढतो, मग आकडा आत घालतो: ०.२५ × (३.८). अक्षराला चिकटलेल्या संख्येत गुणाकाराचं चिन्ह दडलेलं असतं. अक्षर गेलं की ते उघड करावं लागतं, हे आता त्याला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या बाकावरची मुलगी डिग्री काढते आहे. तिनं आतला कंसच गाळला आहे: २६.५ + ०.२ × ३१.५ − २७. कंचेभागुबेव तिला पाठ आहे, म्हणून आधी गुणाकार, ६.३, मग बेरीज, मग वजाबाकी. उत्तर ५.८. तिचा हात वर आहे, उत्तर आलंय म्हणून खूश आहे.

“पाच आठ डिग्रीचं दूध!” वर्गभर हशा पिकतो. इथली निम्मी मुलं रोज डेअरीला दूध घालतात. गाईच्या दुधाची डिग्री सव्वीस ते तीसच्या आसपास असते, निव्वळ पाण्यात लॅक्टोमीटर शून्यावर येतो, हे त्यांना ठाऊक आहे. दुधाची सापेक्ष घनता १.०२८ असली की लॅक्टोमीटर २८ दाखवतो. मुलगी लाजत नाही, उलट तीच सगळ्यात मोठ्यानं हसते आणि कंस घालते. ज्या आकड्याची मुलाला ओळख आहे, त्या आकड्याच्या बाबतीत चुकीचं उत्तर त्याला आपलं आपण कळतं. पुस्तकातल्या नुसत्या ‘एक्स बरोबर पाच’ला ही ओळख कुठून आणायची?

मग चार बारा आणि चार दोनचा वाद निघतो. एक जण ठासून सांगतो, चार बारा मोठं, बारा दोनपेक्षा मोठे म्हणून. बोलीनंच त्याला फसवलंय. मी फळ्यावर चार रुपये बारा पैसे लिहिते आणि विचारते, ४.२ म्हणजे किती पैसे? तो म्हणतो, “चार रुपये दोन पैसे.” शेजारचा त्याच्या पाठीत धपाटा घालतो, “वीस पैसे रे!” तो वहीत ४.२० लिहितो, ४.१२ च्या खाली. बघतो. मान हलवतो.

“मॅडम, फॅटचं ०.२५ मिळवायचं कशाला?” हा प्रश्न पहिल्या बाकावरून येतो, आणि असा प्रश्न विचारणारं मूल दर वर्षी एखादंच मिळतं. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका. तो जास्त असला की दूध हलकं होतं, लॅक्टोमीटर बुडतो, डिग्री कमी दिसते. दुधात बाकीचा कस असूनही तो लपतो. फॅट जितकी जास्त तितकी ही लपलेली बाजू परत जमेला धरायची, म्हणून अधिकचं चिन्ह. राशीतलं प्रत्येक पद कुणीतरी काहीतरी पाहूनच लिहिलेलं असतं.

फळ्याच्या उरलेल्या भागावर मी दोन राशी लिहिते: २क आणि क². क = २ ठेवा. दोन्हीकडे चार. “सारख्याच आहेत!” क = ०. दोन्हीकडे शून्य. “मग सारख्याच की!” आता क = २.५. डावीकडे ५. उजवीकडे अडीच अडीचे सव्वासहा, ६.२५. वर्गात कुजबुज होते. त्यावर सकाळची मुलगी हळूच विचारते, “मग नानांचं? ते दोनदाच ताडलंय मी.”

हा प्रश्न माझ्याही मनात नव्हता. दोन नमुन्यांवर जुळलं म्हणून नेहमी जुळेल कशावरून? मी वर्गाला सांगते, हव्या त्या किमती घ्या. पाच मिनिटं पेन्सिली चालतात. कुणी ल २९.६ घेतो, कुणी फ ५.१, एक जण मुद्दाम ल शंभर आणि फ शून्य घेतो. सगळ्यांचं जुळतं. पण ती अजून समाधानी नाही, आणि तिचं बरोबर आहे. मग मी खडूंचं उदाहरण देते: चौघांना आधी पांढरे खडू वाटा, मग रंगीत वाटा, किंवा एकत्र करून एकदाच वाटा. प्रत्येकाच्या हातात तेच येणार, खडू किती का असेनात. “किती का असेनात” हे शब्द ती वहीत लिहून घेते.

त्या शब्दांवरून मला भास्कराचार्यांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. अज्ञात संख्येला ते यावत्तावत् म्हणत. आपल्या भाषेत जेवढं-तेवढं. एकाहून जास्त अज्ञात असले की रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. ११५० साली लिहिलेला त्यांचा सिद्धांतशिरोमणी, त्यातली लीलावती आणि बीजगणित. अक्षराच्या जागी किंमत बसवण्याला त्यांच्याकडे शब्द होता, उत्थापन, उभं करणं. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे इथं देवळात एक शिलालेख आहे. आचार्यांचे नातू चंगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, हे त्यात कोरलेलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो शिलालेख उजेडात आणला. खिडकीजवळचा मुलगा विचारतो, “पाटणेला एसटी जाते का?” मी सांगते, सहल तिकडेच काढू.

घंटा होते. फळ्यावर रिकाम्या कंसांची एक ओळ तशीच राहिली आहे. मी ती पुसत नाही.

*

संध्याकाळचे पावणेसहा. पुन्हा केंद्र, पुन्हा रांग, पुन्हा सेंट्रिफ्यूजची घरघर. मशीन अजून आलेली नाही. मुलगी किटली खाली ठेवते, वही काढते. भाऊसाहेब तिला हातानं बोलावतात आणि रजिस्टर तिच्याकडे फिरवतात. पानावर लाल शाईनं, फूटपट्टी लावून, एक नवा रकाना आखलेला आहे. डिग्रीच्या अलीकडे, लॅक्टोमीटरच्या पलीकडे. वर मथळा एकाच अक्षराचा: त.

पहिल्या ओळीत ३०.५ लिहिलेलं आहे.